अमेरिकेतला फोन, कोथरूडचा नंबर

कोथरूडमध्ये अमेरिकेहून कुणी परतलं की शेजाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. जेट लॅग गेला का, आणि फोन आणलात का? मयूर कॉलनी घ्या, डहाणूकर कॉलनी घ्या, प्रत्येक सोसायटीत कुणाचा ना कुणाचा मुलगा किंवा मुलगी तिकडे आहे, आणि फोन तिकडे स्वस्त मिळतो ही समजूत इथे पक्की रुजलेली आहे.

ती उगाच रुजलेली नाही. २२ ऑगस्ट २००८ला आयफोन अधिकृतपणे भारतात विकायला आला तेव्हा आठ जीबीच्या फोनला ३१,००० रुपये पडत होते. अमेरिकेत तोच १९९ डॉलरला मिळत होता. त्या १९९ डॉलरच्या मागे तिथल्या मोबाइल कंपनीशी केलेला दोन वर्षांचा करार असायचा आणि फोन त्याच कंपनीला बांधलेला असायचा, हे फारसं कुणी सांगत नसे. पुढे २०१८ला आयफोन एक्सएस आला, तिकडे ९९९ डॉलर आणि इथे ९९,९००. डॉलर तेव्हा बहात्तर रुपयांच्या आसपास होता. एवढा फरक दिसल्यावर माणसं बॅगेत फोन आणणारच.

२०२५च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे सनीवेलला होते. ऑगस्टमध्ये तिच्या बाबांची सत्तरी होती आणि त्यांना आयफोन द्यायचा हे तिनं मी पोचायच्या आधीच ठरवलं होतं. माझा जन्म बँकेच्या काउंटरमागे गेलेला, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी कागद घेऊन बसले. आयफोन १६, १२८ जीबी, किंमत ७९९ डॉलर. ही पाटीवरची किंमत, कर त्याच्यावर वेगळा. सांता क्लारा काउंटीत विक्रीकर नऊ टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे बिल ८७२ डॉलरच्या घरात जातं. डॉलर ८६ रुपये धरला तर झाले पंचाहत्तर हजार. तोच फोन भारतात ७९,९०० रुपयांना, आणि त्यात अठरा टक्के जीएसटी आलेला. शिवाय इकडे बँकांच्या कार्डांवर सूट असते, जुना फोन देऊन किंमत कमी करून घेता येते. प्रो मॉडेल घ्यायचं असतं तर थोडा फरक उरला असता. तिकडे ९९९ डॉलर, इथे १,१९,९००. साध्या मॉडेलमध्ये काहीच उरत नव्हतं.

लेकीनं कागद नीट वाचला. "आई, हिशोब बरोबर आहे गं. पण बाबांना ऑनलाइन ऑर्डर पाठवून काय देऊ? मला दुकानात जाऊन, माझ्या पैशानं, हातात घेऊन द्यायचाय." मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. इतक्या लांब राहणाऱ्या मुलीला बापासाठी काहीतरी हातानं निवडायचं असतं, त्यापुढे हिशोबाचं काय!

जावई फोनच्याच क्षेत्रातले. दुकानात जाण्याआधी त्यांनी मला समजावून सांगितलं, "आई, फोन कुठल्याही कंपनीला बांधलेला नको. अनलॉक्डच मागायचा, आणि पूर्ण पैसे भरून. हप्त्यावर घेतलेला फोन भारतात तुमचं सिम स्वीकारणार नाही." दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची होती. २०२२च्या आयफोन १४पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिम घालायची खाचच नसते. सगळं ई-सिमवर. भारतातल्या आयफोन १६ला खाच असते, अमेरिकेतल्याला नाही.

माझ्या पोटात गोळा आला तो इथे. ह्यांचा नंबर ९४२२नं सुरू होणारा, बीएसएनएलचा, सेलवनच्या काळातला. हे पाटबंधारे खात्यात होते. धरणांच्या साइटवर दुसऱ्या कुणाचीही रेंज यायची नाही, बीएसएनएल तेवढं लागायचं, आणि रात्री-अपरात्री पाण्याची पातळी कळवणारे फोन ह्याच नंबरवर यायचे. निवृत्तीनंतर पेन्शन, आधार, गॅस, महापालिकेचा मिळकतकर, सगळं त्याला जोडलेलं. आणि २०२५च्या त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात बीएसएनएलचं ई-सिम नव्हतं.

मी तिथूनच फोन लावला. हे म्हणाले, "मग जुना फोन ठेवू की खिशात. एकावर नंबर, दुसऱ्यावर फोटो." लेक हिरमुसली. वेताळ टेकडीवर मोरांचे फोटो काढता यावेत म्हणून तर चांगला कॅमेरा द्यायचा होता. दोन खिशांत दोन फोन घेऊन सत्तरीचा माणूस टेकडी चढणार का? शेवटी आठवडाभरानं ह्यांचाच निरोप आला. "आणा. नंबरचं बघू आपण."

क्युपर्टिनोला ॲपलच्या मुख्यालयासमोर त्यांचं पाहुण्यांसाठीचं केंद्र आहे, तिथेच दुकानही आहे. लेकीनं निळा फोन निवडला. खोकं हातात आल्यावर मी सवयीनं ते उलटं करून बारीक अक्षरं वाचायला घेतली. डिझाइन कॅलिफोर्नियात, आणि जुळणी भारतात. मी दोनदा वाचलं. मे महिन्यात ॲपलच्या टिम कुक यांनी जाहीर केलं होतं की जूनच्या तिमाहीत अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक आयफोन भारतात तयार झालेले असतील. ती बातमी मी वाचली होती, पण खोकं हातात घेऊन वाचणं निराळं. श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनचा कारखाना आहे, कोलारजवळ नरसापूरला टाटांचा. यातल्या कुठल्या कारखान्यातून हा फोन निघाला ते खोक्यावर लिहिलेलं नसतं, पण तमिळनाडूतल्या किंवा कर्नाटकातल्या कुणा पोरींच्या हातांखालून तो गेला असणार हे जाणवलं आणि मला मनापासून अभिमान वाटला. इथून तिकडे विमानानं गेला, आणि आता माझ्याबरोबर परत निघाला होता.

मुंबईला टर्मिनल दोनवर उतरले. बॅगा घेतल्यावर समोर दोन वाटा, ग्रीन चॅनल आणि रेड चॅनल. विमानात शेजारी बसलेल्या बाई माझ्या मागेच होत्या. "अहो, ग्रीननंच चला. खोकं फेकून द्यायचं, फोन खिशात टाकायचा. कोण विचारतंय!" असा सल्ला देणारी माणसं भली असतात, पण मला तो मान्य नव्हता. स्वतःच्या वापरातला फोन नेणं-आणणं ही गोष्ट वेगळी, तो आपल्या रोजच्या वापराच्या वस्तूंमध्ये धरतात. हा नवा होता, सीलबंद होता, दुसऱ्याला द्यायचा होता. बापाच्या सत्तरीला लेकीनं पाठवलेली वस्तू मी लपवून घरात आणणार नव्हते. मी रेड चॅनलला वळले.

टेबलामागे तिशीतला एक अधिकारी होता. "बोला काकू, काय डिक्लेअर करायचंय?" मी खोकं आणि बिल पुढे केलं. त्यानं खोक्याच्या कडेवरचा आयएमईआय नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून पाहिला, एकेका आकड्यावर पेन टेकवत. मग हिशोब. बिलातली कराआधीची किंमत त्यानं धरली, सीमाशुल्क विभागाच्या जाहीर दरानं रुपयांत केली, ती एकोणसत्तर हजारांच्या आसपास आली. बॅगेज नियमांनुसार तेव्हा पन्नास हजारांपर्यंतच्या वस्तूंना शुल्क नव्हतं. वरच्या एकोणीस हजारांवर ३५ टक्के शुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, मिळून साडेअडतीस टक्के. सात हजारांच्या वर रक्कम झाली. मी कार्डानं भरली. बाकी सामानात बदाम, चॉकलेटं आणि नातवाचे लहान झालेले कपडे. ते त्यानं उघडूनही पाहिलं नाही. पावती देताना म्हणाला, "जपून ठेवा काकू. पुढच्या वेळी हाच फोन घेऊन बाहेर गेलात तर येताना दाखवायला उपयोगी पडेल."

म्हणजे सगळं धरून फोन इथल्या किमतीपेक्षा दोन हजारांहून थोडा अधिक महाग पडला. तिकडे स्वस्त मिळतो असं जे आपण म्हणतो, त्यातला बराचसा स्वस्तपणा न भरलेल्या शुल्काचा असतो, हे मला त्या टेबलाशी स्वच्छ दिसलं. माझं आणखी एक म्हणणं आहे. पन्नास हजारांची ती मर्यादा २०१६च्या नियमांतली होती, आणि तेवढ्या वर्षांत फोनच्या किमती कुठल्या कुठे गेल्या. मर्यादा वस्तूंच्या किमतीबरोबर वाढत राहिली तर प्रामाणिकपणे रेड चॅनलला जाणारी माणसंही वाढतील.

एक्स्प्रेसवेनं येऊन चांदणी चौकातून आत शिरले तेव्हा उजाडलं होतं. ह्यांनी खोकं उघडलं, फोन हातात फिरवला, खाच कुठे नाही हे चारही कडांवर बोट फिरवून पाहिलं, आणि चहा झाल्यावर स्वतःच विषय काढला. "पोर्ट करू."

मी काही बोलले नाही, कारण ह्यांना ते किती जड जात होतं हे मला ठाऊक होतं. बीएसएनएलची रेंज घरात जायची, मुलं चिडवायची, तरी ह्यांनी इतकी वर्षं कंपनी बदलली नव्हती. जुन्या फोनवरून १९००ला पोर्ट आणि आपला नंबर असा मेसेज गेला, कोड आला. तो चारच दिवस चालतो, म्हणून दुसऱ्याच दिवशी कर्वे रस्त्यावरच्या एका मोबाइल कंपनीच्या दुकानात गेलो. दुकानातच जायचं हा ह्यांचा आग्रह होता, आणि तो योग्य होता. ई-सिम करून देतो असं फोनवर सांगून नंबर पळवणारे भामटे आहेत, आणि नंबर गेला की बँकेचा ओटीपी त्यांच्या हातात जातो. आपण विचारलेलं नसताना कुणी ई-सिमबद्दल फोन केला तर तो तिथल्या तिथे बंद करावा, हे मी आमच्या भिशीतल्या प्रत्येकीला सांगितलंय.

दुकानातल्या मुलीनं आधार पाहिलं, फोटो घेताना म्हणाली, "काका, एकदा डोळे मिचकावा," आणि ह्यांनी दोन्ही डोळे इतके घट्ट मिटले की ती हसायला लागली. आधी साधं सिम मिळालं, ते जुन्या फोनमध्ये घातलं. दोन-तीन दिवसांत बीएसएनएलची रेंज गेली आणि नव्या कंपनीची आली. त्यानंतर ई-सिमची विनंती, तिला होकार, खात्री करणारा कॉल, आणि ई-मेलवर क्यूआर कोड. तो लॅपटॉपवर उघडून नव्या फोननं टिपला. सिम बदललं की चोवीस तास मेसेज बंद राहतात, ही फसवणूक टाळायची सोय आहे. आम्ही त्या महिन्याची सगळी बिलं आधीच भरून टाकली होती, त्यामुळे अडलं नाही. दुसऱ्या दिवशी बँकेची ॲप्स एकेक करून पुन्हा नोंदवली. ९४२२ तसाच राहिला.

फोन पाहायला सोसायटीतली मंडळी आली तेव्हा ज्याचं त्याचं बाहेर आलं. दुबईहून आणलेल्या फोनवर फेसटाइमच नाही, म्हणून एका घरात सून आणि सासूला दुसरं ॲप घ्यावं लागलं होतं. जपानहून आणलेल्या फोनवर फोटो काढला की आवाज होतो, म्हणून वरच्या मजल्यावरचे काका गाण्याच्या मैफलीत फोन बाहेर काढत नाहीत. चीनमधल्या आयफोनला दोन सिमं बसतात हे ऐकून ह्यांचे डोळे चमकले. प्रत्येक देश आपापल्या नियमांप्रमाणे फोन विकतो आणि माणसं ते बॅगेत घालून इथे आणतात.

वॉरंटीचा प्रश्न मी आधीच लेकीला विचारून ठेवला होता. आयफोनची दुरुस्ती विकल्या गेलेल्या देशापुरती मर्यादित ठेवायचा अधिकार कंपनीनं अटींमध्ये राखून ठेवलेला आहे. म्हणून बिल, शुल्काची पावती आणि खोकं तिन्ही कपाटात एकत्र आहेत. ४ सप्टेंबरला कोरेगाव पार्कला ॲपलचं स्वतःचं दुकान उघडलं. लेकीनं लगेच फोन केला, "बाबा, आता काही झालं तर तिथे जा." हे वनाझहून मेट्रोनं नुसतं पाहायला जाऊन आले. तिथला आयफोन १६ हातात घेऊन सिमची खाच पाहून आले.

आणि ऑक्टोबरमध्ये बीएसएनएलनं देशभर ई-सिमची घोषणा केली. ह्यांनी ती बातमी कापून कालनिर्णयच्या पानाला टाचणीनं लावली. एकदा पोर्ट केलेला नंबर नव्वद दिवस पुन्हा हलवता येत नाही, म्हणून ते संपतात त्या तारखेवर गोल केला. लेक व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, पुन्हा कशाला? आता तर घरात रेंज येतेय." ह्यांनी तिला शांतपणे सांगितलं, की धरणावर होतो तेव्हा ज्यांच्या टॉवरनं साथ दिली त्यांच्याकडे परत जायला मला कारण लागत नाही.

नोव्हेंबरात ह्यांनी नव्या फोनवरून १९००ला मेसेज टाकला. कोड आला, आणि सकाळी दहाच्या सुमारास आधार कार्ड घेऊन आम्ही दोघं बीएसएनएलच्या ग्राहक सेवा केंद्रात गेलो.