मागच्या आसनावरची जबाबदारी

पुण्याहून नाशिकच्या दिशेने निघून मोशीजवळ इंद्रायणीचा पूल ओलांडला, की थोड्याच वेळात चिंबळी आणि कुरुळी ही गावे लागतात. पुठ्ठ्याची खोकी व वेष्टनाचे साहित्य पुरवण्याचा आमचा कौटुंबिक व्यवसाय याच कुरुळीत आहे. चाकण परिसरात बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने उभे राहिले आणि या महामार्गाचे रूप पालटले. कोऱ्या मोटारी दोन मजल्यांवर रचून नेणारे लांबलचक ट्रेलर येथून दिवसरात्र जात असतात. त्यांच्याच शेजारून पाळीवर निघालेले दुचाकीस्वार कामगार, मालाचे टेम्पो, शाळेच्या गाड्या आणि कार्तिकी एकादशीच्या सुमारास आळंदीकडे पायी निघालेले वारकरी वाट काढीत असतात.

त्या कोऱ्या मोटारींकडे पाहताना एक विचार वारंवार मनात येतो. प्रवाशाचा जीव वाचावा म्हणून माणसाने किती बुद्धी खर्च केली आहे! खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन बिंदूंचा सुरक्षापट्टा निल्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वो कंपनीसाठी १९५९ मध्ये तयार केला, आणि कंपनीने तो इतर उत्पादकांनाही वापरू दिला. पापणी लवायच्या आत फुगणारी हवेची पिशवी त्यानंतर आली. वाहनांची चाचणी घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून पुण्यात काम करते. तिचे एक केंद्र चाकणलाही आहे. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ या योजनेखाली मोटारींना सुरक्षेचे तारेही मिळू लागले. परंतु कारखान्याचे काम दारापर्यंतच. पट्टा बांधायचा की नाही, हे आत बसणाराच ठरवतो. पट्ट्याची सूचना देणारी घंटी वाजू नये म्हणून खाचेत नुसतीच अडकवायची क्लिप बाजारात मिळत असे. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तिच्या ऑनलाइन विक्रीविरुद्ध आदेश काढले. आपल्यापैकी अनेक कुटुंबे मोटारींच्या सुट्या भागांच्या व सजावटीच्या व्यापारात आहेत. अशी वस्तू दुकानात ठेवावी काय, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःला द्यावे.

आपल्या घरांत मोटारीत कोण कोठे बसते, याचा थोडा विचार करू. पुढे चालक किंवा घरातील तरुण मुलगा, मागे वडीलधारी मंडळी, आणि मांडीवर नातवंडे. पुढच्याने पोलिसांच्या धाकाने पट्टा बांधलेला असतो. मागचा पट्टा मात्र आसनाच्या फटीत दडपलेला असतो. मागे बसले म्हणजे सुरक्षित, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल वेगळे सांगतो. त्या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. सुरक्षापट्टा न लावलेले मृत १६,७१५ होते. त्यांत ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. चालक आणि प्रवासी यांचा वाटा जवळजवळ सारखाच आहे.

त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. मोटार उत्तम प्रतीची होती, वेळ दुपारची होती. पुढच्या आसनांवरील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागच्या आसनांवरील दोघेही गेले. त्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर काही दिवस सर्वत्र मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. मागच्या प्रवाशालाही पट्टा सक्तीचा आहे आणि तो न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब प्रमाणे एक हजार रुपये दंड आहे, हे अनेकांना तेव्हा प्रथमच कळले. पुढे चर्चा ओसरली आणि पट्टे पुन्हा फटीत गेले.

आमच्याकडे हा विषय घरात आणला तो आमच्या चालकांनी. त्यांना आम्ही सारे मामा म्हणतो. आमच्याकडे येण्यापूर्वी ते पंधरा वर्षे ट्रेलर चालवीत होते. एका लग्नासाठी आम्ही नाशिकला निघालो होतो. बाबूजी मागे बसले, मामांनी गाडी सुरू केली, पण ती जागची हलेना. मामा हात चाकावर ठेवून म्हणाले, “बाबूजी, पट्टा लावून घ्या, मग निघू.” बाबूजींना हे रुचले नाही. चाळीस वर्षे या रस्त्याने येतोजातो आहे, असे ते म्हणाले. मामांचा आवाज चढला नाही. “बाबूजी, जोरात ब्रेक लागला तर मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर येऊन आदळतो. तुमच्या पुढे वहिनी बसल्यात.” घरात बाबूजींना असे कोणी बोलत नाही. गाडीत काही क्षण कोणीच बोलले नाही. मग बाबूजींनी फटीतून पट्टा ओढून काढला.

वाटेत मामांनी आपल्या जुन्या सोबत्याविषयी सांगितले. तो क्लीनर होता. बंद पडलेला एक ट्रेलर रात्री दिवे न लावता रस्त्यातच उभा होता; यांची गाडी त्यावर मागून आदळली आणि तो मुलगा जागीच गेला. मामांनी एवढेच सांगितले आणि पुढे बराच वेळ ते गप्प राहिले. मला त्या दिवशी प्रकर्षाने जाणवले, ते मामांनी पत्करलेले धाडस. मालकाला नाही म्हणणे नोकरीवर बेतू शकते. बहुतेक चालक म्हणूनच गप्प राहतात. मग जो बोलू शकत नाही त्याच्यावर सारी सुरक्षा सोपवून आपण मागे निश्चिंत बसतो, आणि वर “जरा लवकर घे” असेही सांगतो.

हे “लवकर घे” आमच्या पट्ट्यात फार खोलवर रुजलेले आहे. कारखान्याची लाइन थांबू नये म्हणून पुरवठादाराला घाई, पुरवठादाराची टेम्पोमालकाला घाई, आणि सरतेशेवटी सारा भार चालकाच्या झोपेवर. एका मोठ्या कारखान्याला आमचा माल पहाटे पाचपर्यंत पोहोचवायचा असे. दिवसभर फेऱ्या केलेल्या चालकालाच रात्री पुन्हा गाडी काढावी लागे. त्या लग्नाहून परतल्यावर बाबूजींनी पहिला निर्णय घेतला तो याविषयीचा: रात्रीच्या फेरीसाठी वेगळा चालक. पगाराचा खर्च वाढला आणि काही महिने नफ्यात तूट दिसली. बाबूजी वहीत पाहून म्हणाले, “हा खर्च दुकानभाड्यासारखा समजायचा. तो वजा करून जे उरते, तेवढाच आपला नफा.”

आपल्या परंपरेत साधू-साध्वींना ईर्यासमिती सांगितली आहे: पुढची जमीन नीट न्याहाळून, जीव वाचवीत पाऊल टाकणे. पायी चालणाऱ्याला काही हात जमीन पाहून भागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते, ८० च्या वेगाने २२ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सुमारे एक सेकंद सरतो. वेग दुप्पट झाला, की केवळ ब्रेकने थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. म्हणून पुढच्या वाहनापासून किमान दोन सेकंदांचे, आणि पावसात त्याच्या दुप्पट अंतर राखावे. विहार करणारे साधू-साध्वी पहाटेच्या अंधुक उजेडात याच महामार्गांच्या कडेने चालतात. त्याच वेळी रात्रभर जागलेले चालक परतत असतात. विहारातील अपघातांच्या वार्तांनी आपण हळहळतो. आपल्या चालकाला पुरेशी झोप देणे हाही त्यांच्या रक्षणाचाच एक भाग आहे.

आता थोडे रोजच्या तयारीविषयी. सकाळी दुकान उघडताना आपण कुलूप, दिवा, तराजू पाहतो. तसाच गाडीभोवती एक फेरा मारावा. टायर थंड असताना हवा तपासावी, स्टेपनीचीही. टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की टायर बदलावा. दिवे, ब्रेकचे लाल दिवे, वायपर आणि काच पुसण्याचे पाणी पाहावे. नमुन्यांची खोकी, स्टीलचे डबे, मिठाईचे पुडे मागच्या फळीवर ठेवू नयेत. गाडी अचानक थांबली की तेच डोक्यात बसतात. डिकीत जॅक, पाना, टॉर्च, प्रथमोपचार पेटी आणि परावर्तक त्रिकोण असावा. हा त्रिकोण गाडीसोबत मिळतो, पण कित्येक घरांत त्याचे वेष्टनही उघडलेले नसते.

महामार्गावर गाडी बंद पडली तर ती शक्य तितकी डावीकडे घ्यावी आणि चारही इशारादिवे लावावेत. सर्वांनी डाव्या बाजूने उतरून रस्त्यापासून दूर उभे राहावे. गाडीत बसून राहू नये. त्रिकोण गाडीच्या मागे पन्नासएक मीटरवर ठेवावा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गाच्या मदतीसाठी १०३३ हे क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावेत.

लहान मुलांच्या बाबतीत लाड नको. चौदा वर्षांखालील मुलांनाही पट्टा किंवा त्यांच्यासाठीचे खास आसन कायद्याने आवश्यक आहे. धडकेच्या क्षणी मांडीवरचे मूल कोणाच्याही हातांत राहू शकत नाही, आजीच्या मायेतही नाही. पुढच्या आसनावर तर त्याला घेऊच नये. मोठ्यांना वाचवणारी हवेची पिशवी त्याला घातक ठरू शकते.

आणि दुसऱ्याचा अपघात दिसला तर थांबावे. पोलिसांचे झेंगट मागे लागेल, या भीतीने अनेक जण पुढे निघून जातात. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. दुखापतीनंतरचा पहिला तास मोलाचा असतो. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजनाही लागू आहे. ही माहिती दुकानातील नोकरांनाही द्यावी.

या साऱ्यास फारसा पैसा लागत नाही. घरातील सर्वांत मोठ्या माणसाने आधी स्वतःचा पट्टा बांधावा, मग चालकाला विचारावे, “रात्री झोप झाली ना?” हा प्रश्न मालकानेच विचारायचा असतो, कारण चालक आपणहून तसे सांगणार नाही. उत्तर नकारार्थी आले, तर त्या दिवशीचा माल दोन तास उशिरा पोहोचू द्यावा.