बांबूसारखी नाव

पुण्यात संगम पुलाजवळ मुळा आणि मुठा एकमेकींना भेटतात. दोस्तांनो, कधी भल्या सकाळी तिथं गेलात, तर नाकाला रुमाल लावा (नदीची ही दशा आपणच केलीय!), पण डोळे मात्र उघडे ठेवा. तिथंच इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब आहे. १८५४ साली सुरू झालेल्या या कॉलेजातली मुलं पिढ्यान्‌पिढ्या इथं वल्ही मारायला शिकली.

आठ जणांची शर्यतीची नाव पाहिलीत, तर म्हणाल, ही नाव की बांबू? लांबी सतरा-अठरा मीटर, रुंदी जेमतेम दोन फूट! मग आठ धिप्पाड गडी आणि सुकाणू सांभाळणारा कॉक्स तीत बसतात तरी कसे?

गंमत वल्ह्यांत आहे, बरं का. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर हातात आडवी काठी धरते ना? दोन्ही बाजूंना पसरलेली वल्ही म्हणजे नावेची तशीच काठी. चार डावीकडे, चार उजवीकडे. नाव एका बाजूला झुकली, की नवखा गडी घाबरून अंग दुसरीकडे टाकतो. झालं! ती तिकडे कलंडते. जाणता गडी अंग हलवत नाही. झुकलेल्या बाजूच्यांनी वल्ह्याची मूठ थोडी वर उचलायची, पलीकडच्यांनी थोडी खाली दाबायची. बोटभर फरक, पण नाव सरळ!

सराव करताना आधी चौघंच वल्हवतात. उरलेले चौघे पाती पाण्यावर आडवी टेकवून नाव धरून ठेवतात. मग सहा, मग आठ. कधी तर डोळे मिटून! मग इतरांची लय बुडाला कळते. हसू नका, खरंच!

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ असाच पुण्यात, लष्करात आल्यावर वल्हवायला शिकला. दुष्काळी गावातला मुलगा, पाण्याला घाबरणारा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नावेत तो तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत मात्र अंगात ताप, आणि एकट्याची शर्यत हुकली. तो शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी तोच चौघांच्या नावेत बसला. चार गडी, आठ वल्ही, आणि भारताला सुवर्णपदक!