मांडीवरचं टेबल

बॅगेचं टेबल करायचं म्हटलं की माणूस आधी पायांचा विचार करतो. माझ्या भाचीनंही तेच केलं. ती पुण्यात प्रॉडक्ट डिझाइन शिकते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिनं विषय घेतला तो असा: विमानात हाताशी नेता येईल एवढी बॅग, आणि खाली ठेवली की तिचं टेबल व्हावं. पहिल्या चित्रात बॅगेच्या पोटातून चार बारीक पाय बाहेर येत होते, वर गुळगुळीत फळी आणि फळीवर कॉफीचा कप. चित्र देखणं होतं. मी एवढंच विचारलं, "अगं, ताट वाढून झालं आणि चमचा बॅगेतच राहिला, तर काढायचा कुठून?"

ती चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, तू ना, जेवणापलीकडे जातच नाहीस." पण दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा ती चमच्याबद्दलच बोलत होती.

मला हा चमचा ठाऊक आहे तो लोकलमुळे. नोकरीची सगळी वर्षं मी डोंबिवली ते व्हीटी केलं. हातात ब्रीफकेस असण्याचे ते दिवस. कडक कवचाची, दोन्ही बाजूंना आकड्यांची कुलपं असलेली, उघडताना खट्‌ खट्‌ असा दोनदा आवाज करणारी. आत ऑफिसचं काही क्वचितच असे. डबा, पेपर, पावसाळ्यात घडीची छत्री, आणि घरून लिहून दिलेली सामानाची यादी. पण गाडीत चढलं की तिचं खरं काम सुरू होई. समोरासमोरच्या बाकांवर चौघं बसले, गुडघ्यात गुडघे अडकवले, की एकाची ब्रीफकेस आडवी मांड्यांवर यायची, वर कालचा पेपर पसरला जायचा, आणि ठाणं यायच्या आत पहिला डाव वाटून झालेला असायचा. कुणाचा मेंढीकोट, कुणाची रमी. बाकाच्या कडेला, चौथ्या सीटवर, अर्धा टेकलेला पाचवा माणूस कुणाच्या तरी खांद्यावरून पानं बघत सल्ले देत राहायचा.

त्या टेबलाला पाय नव्हते, आठ गुडघे होते. गाडीनं कुर्ल्याच्या आधी सांधा बदलताना आचका दिला, तर एक गुडघा खाली जायचा, दुसरा आपसूक वर यायचा, आणि पानं जागची हलायची नाहीत. असं टेबल मी नंतर कुठल्या दुकानात पाहिलं नाही. ज्याची ब्रीफकेस, तो मात्र अडकलेला. त्याचा चष्मा आत राहिला, तर दादरपर्यंत चष्म्याविना खेळायचं. मुरलेले लोक म्हणूनच बसण्याआधी पास, चष्मा आणि पानपराग शर्टाच्या खिशात काढून ठेवत. बॅगेचं टेबल झालं की बॅग राहत नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

सगळी अडचण इथंच आहे. सामानाचं काम पोटात घेऊन बंद राहण्याचं. टेबलाचं काम उघडं आणि रिकामं राहण्याचं, वरूनही आणि खालूनही. खालचं आपण विसरतो. खुर्चीपुढं बॅग उभी करून तिच्यावर जेवायला बसून पाहा. गुडघे बॅगेला टेकतात, पाठ वाकते, घास मांडीवर सांडतो. टेबल म्हणजे नुसती फळी नव्हे, फळीखाली गुडघे घालायला मिळणारी जागाही त्यात आलीच, आणि नेमकी ती जागा बॅगेनं कपड्यांनी भरून टाकलेली असते.

भाचीला मी गुडघ्यांची गोष्ट सांगितली, तर ती मला तिच्या वाचनातली एक खुर्ची दाखवायला लागली. रुरकीला बंगाल सॅपर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनिअरांचं ठाणं. त्या गावाच्या नावानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला एक घडीची खुर्ची चालू झाली. तिला डिंक नाही, स्क्रू नाही. निमुळते दांडे पायांच्या खोबणीत नुसते सरकवायचे, वर कॅनव्हास ताणायचा. मोकळी असताना ती खिळखिळी वाटते. पण माणूस बसला की त्याच्या वजनानंच सांधे आवळले जातात, आणि जमीन कितीही खडबडीत असो, चारही पाय आपापली जागा शोधून टेकतात. डेन्मार्कच्या कारे क्लिंटनं १९३३ साली तिच्यावरूनच आपली प्रसिद्ध सफारी खुर्ची केली. सांधा ढिला ठेवणं ही तिथं हयगय नव्हती, ती कारागिरी होती. आमच्या गुडघ्यांनाही तेच साधलेलं.

त्या काळचं फौजी सामान एकूणच बघण्यासारखं. छावणीबरोबर फिरणाऱ्या साहेबांसाठी खणांची कपाटं दोन तुकड्यांत केलेली, पाय फिरवून काढता येणारे, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. मुठी लाकडात बुडवलेल्या, म्हणजे लादताना दोर अडकू नये. आज जुन्या बाजारात ती कपाटं शोभेसाठी विकली जातात आणि लोकांना पितळ नक्षीचं वाटतं. उंटाच्या पाठीवरून घसरताना कोपरा फुटू नये, एवढ्यासाठी ते होतं.

चमच्याचं उत्तर मात्र फौजेकडं नव्हतं. ते सापडलं फिलाडेल्फियात. थॉमस जेफरसननं १७७६ साली बेंजामिन रँडॉल्फ नावाच्या सुताराकडून स्वतःच्या आराखड्याप्रमाणं एक पेटी करून घेतली. महोगनीची, जेमतेम साडेचौदा इंच लांब, पावणेदहा इंच रुंद, सव्वातीन इंच जाड. कुठंही काखेत मारून नेण्यासारखी. वरची फळी बिजागरीची, उलगडली की दुप्पट होते, आणि तिच्यावर हिरवं बनातीचं कापड, म्हणजे कागद घसरत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यानं या फळीवर लिहिला. पुढं जवळजवळ पन्नास वर्षं तिच्यावरच लिहीत राहिला, १८२५ साली ती नातजावयाला देऊन टाकली, आणि १८८० मध्ये त्याच्या वंशजांनी ती देशाला दिली. आता ती वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे.

लोक तिच्याकडं जाहीरनाम्यासाठी बघतात. मला तिचा खण मोहात पाडतो. कागद, टाक, दौत ठेवायचा खण बाजूनं उघडतो. वर वाक्य अर्धं राहिलेलं असताना, कागद तसूभरही न हलवता, उजव्या हातानं खालून नवा टाक काढता येतो. तेहतीस वर्षांच्या त्या वकिलाला कायद्याइतकंच खणाचंही कळत होतं, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

त्याच शहरातल्या वाद्यवृंदाचा संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की याच्यासाठी १९२९ साली पॅरिसच्या लुई व्हितॉं कंपनीनं एक ट्रंक केली. ती उभी ठेवायची आणि कपाटासारखी दारं उघडायची. आत पुस्तकांचं फडताळ, कागदांचे खण, टाइपरायटरची जागा, आणि घडी उलगडली की लिहायचं टेबल. म्हणजे सामान उभं राहिलं, टेबल त्याच्या शेजारी पसरलं, दोघांनी एकमेकांची वाट अडवली नाही. उत्तर चोख आहे. फक्त ती ट्रंक हमालांनी उचलायची, स्टोकोव्स्कीनं नव्हे.

व्हितॉंच्या घराण्याचं नाव झालं तेही एका सपाट झाकणामुळं. त्याआधीच्या ट्रंकांची झाकणं घुमटाकार असत, पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून. १८५८ च्या सुमाराला मूळच्या लुईनं सपाट झाकणाची, पाणी न शिरणाऱ्या कापडानं मढवलेली ट्रंक काढली. मग ट्रंकेवर ट्रंक रचता येऊ लागली. आपल्याकडच्या पत्र्याच्या ट्रंकाही सपाटच. त्यांच्यावर जुन्या साडीचा अभ्रा घातला की चाळीच्या खोलीत पाहुण्यांना बसायला बाक व्हायचा, मुलांना अभ्यासाला टेबल. आणि लग्नकार्यात वरचं सगळं उतरवून आतली जरीची वस्त्रं काढायची वेळ आली की घरात आरडाओरडा. चमचा तिथंही होताच.

चाकं आली आणि सामानाची पाठ मोडली. १९७० साली बर्नार्ड सॅडो या अमेरिकन माणसानं आडव्या सूटकेसला चार चाकं आणि एक पट्टा लावला, १९७२ मध्ये पेटंट मिळवलं. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लॅथ नावाच्या वैमानिकानं ती उभी केली, दोन चाकं ठेवली आणि वर खेचायचा दांडा दिला. तेव्हापासून सामान उभ्यानं चालतं. त्याचं रुंद, सपाट अंग भिंतीकडं गेलं, आणि वर उरली ती वीतभर पट्टी, तीही दांड्यानं अडवलेली. हल्ली तर चाकं पुन्हा चार झालीत, आणि चारही गोल फिरतात. जपानी कंपन्यांनी काही बॅगांच्या चाकांना ब्रेक दिले आहेत, कारण धावत्या गाडीत बॅग आपल्याआधीच दाराशी पोचते. अशा वस्तूवर कुणी चहा ठेवावा?

भाचीनं तरीही उभ्या बॅगेपासूनच सुरुवात केली, कारण सगळ्यांच्या बॅगा उभ्याच असतात. वरच्या कडेपाशी बिजागरी, आणि तिथून तीस सेंटिमीटर पुढं येणारी फळी, गुडघ्यांच्या वर. गुडघ्यांचा प्रश्न सुटला. मग तिनं हिशेब केला. आपल्याकडच्या विमानांत हातातल्या बॅगेला बहुधा ७ किलो आणि ५५ गुणिले ३५ गुणिले २५ सेंटिमीटरची मर्यादा असते. म्हणजे पूर्ण भरलेली बॅग ७ किलोची, आणि तिचा भार पुढच्या कडेपासून साडेबारा सेंटिमीटर आत. सात गुणिले साडेबारा म्हणजे साडेसत्त्याऐंशी. भागिले तीस. फळीच्या टोकाला तीन किलोही न देता बॅग पुढं कलंडते. तीन किलो म्हणजे जेवताना सहज टेकलेलं कोपर. त्यात आतलं जाकीट काढून अंगात घातलं, पुस्तक बाहेर काढलं, की बॅग आणखी हलकी, टेबल आणखी धोक्याचं. जसजसं तुम्ही स्थिरस्थावर व्हाल तसतसं ते अस्थिर होत जाणार! मला हा हिशेब इतका आवडला की मी तो ब्रिजच्या मित्रांना तोंडपाठ म्हणून दाखवला. त्यांना काही विशेष वाटलं नाही.

बॅग आणि टेबल यांचं भांडण पूर्ण मिटवलेलं मी एकाच ठिकाणी पाहिलं आहे, फोर्टातल्या फुटपाथवर. घड्याळं, गॉगल, पाकिटं विकणारा माणूस. बांबूची नाहीतर लोखंडी पट्ट्यांची फुलीसारखी घोडी, तिच्यावर उघडून ठेवलेली बॅग. झाकणाच्या आत इलॅस्टिकच्या पट्ट्यांत गॉगल खोचलेले, खाली फोमच्या खाचांत घड्याळं. तिथं आतलं सामान टेबलाला अडचण करत नाही, टेबल त्या सामानासाठीच तर मांडलंय. कोपऱ्यावरून "गाडी आली" अशी हाक आली की झाकण खाली, घोडी बगलेत, आणि महापालिकेची गाडी पोचते तेव्हा फुटपाथ धुतल्यासारखा मोकळा. डिझाइनच्या वर्गात हे शिकवायला हवं, आणि शिकवायला त्यालाच बोलवायला हवं. मी तसं भाचीला म्हटलं. तिनं त्यावर नुसती मान डोलावली, पण पुढच्या मुंबईच्या फेरीत ती तिथं घोडीचे फोटो काढत उभी होती, आणि तो "घेणार काय ताई, फोटोचे पैसे नाहीत, पण गॉगल बघा" असं म्हणत होता.

परतीच्या विमानाला उशीर झालेल्या कुणा मित्राला भेटायला ती विमानतळावर गेली आणि तिथं तिला तिचं गिऱ्हाईक दिसलं. खुर्च्या रिकाम्या होत्या. पोरं भिंतीशी, चार्जिंगच्या जागेपाशी, सरळ गालिच्यावर मांडी घालून बसलेली. लॅपटॉप मांडीवर, बॅग शेजारी आडवी. खुर्चीला साजेशा उंचीचं टेबल, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर, हवंय कुणाला? आडव्या बॅगेची उंची पंचवीस, चौरंगाची. आपल्या पेढ्यांवर मुनीम पिढ्यान्‌ पिढ्या तेवढ्याच उंचीच्या उतरत्या मेजावर खातेवह्या लिहीत आले.

आता बॅग आडवी, पाय नाहीत, चाकं हवेत. वरच्या बाजूनं एक पातळ फळी वीसच सेंटिमीटर पुढं सरकते, मांडीच्या वर येते. भार आता कडेपासून साडेसतरा सेंटिमीटर आत. सात गुणिले साडेसतरा, भागिले वीस: सहा किलोच्या वर. कोपर टेका, डोकं टेका, झोपा. फळी वरच राहते म्हणून झाकण वरून उघडायचं नाही. बॅगेच्या आखूड अंगाला, बसणाऱ्याच्या उजव्या हाताशी, उघडणारा कप्पा. जेफरसनचा खण.

कडक कवचात तो कापला तर कवच तिथंच चिरण्याची भीती. म्हणून कॅनव्हास आणि आत हलका सांगाडा. त्यासाठी आम्ही दोघं पुण्याच्या रविवार पेठेत गेलो. बोहरी आळीतून बिजागऱ्या आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घेतल्या, आणि मागच्या गल्लीतल्या एका बॅगवाल्या काकांकडं आलो. त्यांनी कागदी नमुना उलटासुलटा केला, अंगठ्यानं कोपरा दाबला.

"ताई, चेन इथं काटकोनात वळवली की रनर अडकणार. महिन्याभरात दात सुटतील."

"मग कोपरा गोल करू या?"

"करा. पण मग तुमची ती फळी वर सपाट बसायची नाही. त्यापेक्षा चेन कोपऱ्याच्या दोन इंच अलीकडं संपवू."

"दोन इंच गेले तर पुस्तक बाहेर येणार नाही हो काका."

काकांनी कानावरची पेन्सिल काढली. "कुठलं पुस्तक? घेऊन या ते. मापाला लागेल."