चुंबळ

तळेगावजवळच्या एका कारखान्यात पाळी सुरू व्हायच्या आधी अर्धा तास मी कामगारांचा योगवर्ग घ्यायची. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. वायरी जोडणाऱ्या बायका त्यात जास्त. दिवसाचे आठ तास स्टुलावर, मान खाली, बोटं सारखी चाललेली. मी रांगेच्या मागून फिरायची आणि जिची पाठ वाकलेली दिसेल तिच्या मणक्यावर बोट टेकवून म्हणायची, "ताठ बसा." पाठ ताठ व्हायची. मी दोन पावलं पुढे गेले की पुन्हा वाकायची. एक दिवस एक बाई मागे वळून म्हणाली, "मॅडम, ताठ बसू का काम करू? दोन्ही एकदम न्हाई जमत." सगळ्या हसल्या. मीही हसल्यासारखं केलं, पण आतून राग आला होता. पुढच्या आठवड्यापासून ती वर्गाला यायची थांबली. तिचं म्हणणं बरोबर होतं, हे कळायला मला दोनेक वर्षं लागली.

'ताठ' हा शब्दच मोठा फसवा आहे. ताठ मानेनं जगावं म्हणतात, आणि त्याच तोंडानं 'भलताच ताठा आहे त्याला' असंही म्हणतात. खळ घातलेलं धोतर ताठ, मेलेलं जनावरही ताठ. आपल्या भाषेला हा फरक पूर्वीपासून ठाऊक आहे. आम्हा शिकवणाऱ्यांनाच तो विसरायला झाला होता.

मी लोणावळ्यात कैवल्यधामला शिकले. जगन्नाथ गणेश गुणे म्हणजे स्वामी कुवलयानंद यांनी 1924 साली ही संस्था काढली. अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाचं काम केलेला, संस्कृतात मुरलेला आणि बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात घाम गाळलेला हा माणूस. नौली, उड्डियान या पोटाच्या क्रियांबद्दल परंपरेनं सांगितलेलं तसंच्या तसं मान्य करायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी बडोद्यात त्या क्रिया एक्स-रेखाली पाहिल्या. नळी आणि दाबमापक लावून नौलीच्या वेळी आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे मोजून दाखवलं. 'योगमीमांसा' हे त्यांचं नियतकालिकही 1924 मध्येच सुरू झालं. विद्यार्थिदशेत त्याचे जुने अंक चाळताना माझं सगळं लक्ष आसनांच्या छायाचित्रांकडे असायचं. कोन किती, गुडघा कुठे, हनुवटी कुठे. त्या गृहस्थांचा सगळा खटाटोप आत काय घडतं हे पाहण्याचा होता, आणि मी मात्र बाहेरचा आकार पाठ करत होते. पतंजलींनी आसनाला दोनच अटी घातल्या, ते स्थिर असावं आणि सुखाचं असावं. कारखान्यात मी पहिली अट घेऊन गेले आणि दुसरी लोणावळ्यातच ठेवून आले.

दुसरी अट मला शिकवली ती एका निवृत्त डबेवाल्यानं. कामशेतला आमच्या गल्लीच्या टोकाला ते राहायचे, सगळे त्यांना अण्णा म्हणत. मुंबईचे डबेवाले म्हणजे बहुतेक आपल्याच मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर पट्ट्यातली माणसं. 1890च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा धंदा. अण्णांनी तीस-पस्तीस वर्षं चर्चगेटच्या बाजूला लाकडी पाटी डोक्यावर वाहिली होती. पाटीत तीस-चाळीस डबे, आणि भोवती मुंबईची दुपार. सत्तरी ओलांडलेला तो माणूस दूध आणायला जाताना मी खिडकीतून बघत राहायची. पोक नाही, छाती काढलेली नाही. नुसता चालायचा. पाण्याच्या डबक्यावरून जावं लागलं तरी डोकं होतं त्याच उंचीवर राहायचं, काय हलायचं ते कमरेखाली.

एकदा मी विचारलंच, "अण्णा, पाटी डोक्यावर असताना मान ताठ ठेवायचात का?"

"ताठ?" ते म्हणाले. "ताठ ठिवली तर मान मोडंल की. मान मोकळी पायजे. चुंबळ कशाला असती मग?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. चुंबळ म्हणजे फडक्याचा पीळ देऊन केलेलं वेटोळं, हंड्याखाली किंवा भाऱ्याखाली डोक्यावर ठेवायचं. मला वाटायचं, टोचू नये म्हणून ती असते. अण्णांनी रुमालाची करून माझ्या डोक्यावर ठेवली, वर तांदळाचा डबा ठेवला आणि म्हणाले, आता चाल. मी मान आवळून चालले, डबा पडला. तांदूळ फरशीभर. त्यांची सून आतून काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "डबा धरून ठिवू नको. त्यो कुठं जातोय ते बघ आन् त्याच्याखाली जा." मी तसं केलं. डबा डावीकडे झुकतोय असं वाटलं की मान आपोआप केसभर डावीकडे सरकत होती. चुंबळीची मऊ गादी ओझं आणि डोकं यांच्यामध्ये तेवढी फट ठेवते. ओझं तिच्यावर बसतं आणि डुलतं. स्थिर दिसणारा तो माणूस खरं तर क्षणाक्षणाला हलत होता. हालचाल इतकी बारीक की दिसत नव्हती, एवढंच.

पुढे कळलं की केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवर याच विषयात शास्त्रज्ञांनी काम केलं आहे. 1986 साली 'नेचर'मध्ये ते छापून आलं. स्वतःच्या वजनाच्या एकपंचमांश ओझं डोक्यावर असतानाही त्या बायकांना रिकाम्या चालण्याहून जास्त प्राणवायू लागत नव्हता. चालताना दर पावलाला अंग जरा वर-खाली होतं, त्यातली ताकद त्या वाया जाऊ देत नाहीत, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. यावर पुढे वादही झाले, आणि ओझं वाहून मानेचे मणके झिजलेल्या बायका मावळातही कमी नाहीत. म्हणून मी कुणाला डोक्यावर हंडा घ्या असं सांगत नाही. माझ्या वर्गात चुंबळीवर अर्धा किलो तांदळाची पुरचुंडी असते. ती घेऊन खुर्चीतून उठायचं, बसायचं, दोन जिने चढायचे. मी एक शब्द बोलत नाही. पुरचुंडी बोलते.

मग मला गावभर गुरू दिसायला लागले. बाजारपेठेत चिक्कीच्या भट्टीवर गुळाचा पाक ओट्यावर ओतला की तो लाटायला मिळतात दोन-तीन मिनिटं. त्यानंतर तो दगड होतो. नवीन पोरगा मनगटानं लाटतो आणि संध्याकाळी हात शेकत बसतो. जुना कारागीर एक पाय मागे टाकतो, कोपर सरळ सोडतो आणि अख्खं अंग लाटण्यावर सोडून देतो. हात नुसते धरायला. घाटातल्या गाडीचं तसंच आहे. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, बँकर म्हणतात त्यांना. सदतीस फुटाला एक फूट असा तो चढ, तो पुढच्या ओढीवर एकट्यानं होत नाही, मागून रेटा लागतो. जिना चढताना गुडघे दुखतात म्हणणाऱ्याला मी विचारते, तुमचं बँकर कुठाय? माणूस मागे हात लावून बघतो. तिथले स्नायू दिवसभर खुर्चीखाली झोपलेले असतात.

भातलावणीबद्दल मात्र मी सावध बोलते. जुलैत इंद्रायणीच्या काठानं गेलात तर पाठीवर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन बायका खाचरात वाकलेल्या दिसतात. पुण्याहून आलेले लोक फोटो काढतात. योगाच्या एका शिबिरात एका पाहुण्यानं तर 'बघा, कमरेतून किती सुंदर वाकतात' असं व्याख्यानच दिलं. वाकतात खुब्यातून, हे खरं. पाठ लांब, गुडघे सैल, हेही खरं. पण रोज आठ-नऊ तास, पंधरा-वीस दिवस, गुडघाभर चिखलात. त्यातल्या पन्नाशीच्या बाईला रात्री कूस बदलताना काय होतं ते मला माहीत आहे, कारण ती माझ्याकडे येते. चांगलं वाकणंसुद्धा फार वेळ केलं की वाईटच. बांधाला पोचल्यावर त्या सरळ उभ्या राहतात, दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे झुकतात, काहीतरी बोलून हसतात. त्या शिबिरात शिकवायला हवं होतं ते बांधावरचं अर्धं मिनिट.

कारण शरीराची गरज तीच आहे. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब पडला की पाणी बाहेर, सुटला की आत, अशी त्यांची पोटपूजा चालते. एकाच अवस्थेत बसून राहिलात, मग ती पुस्तकातली आदर्श का असेना, तर त्या उपाशी राहतात. स्वीडनच्या नाखेमसन यांनी 1960च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून दाब मोजला, आणि उभं राहण्यापेक्षा बसल्यावर तो जास्त भरला. तेव्हापासून 'बसणं वाईट, बसलात तर ताठ बसा' हा मंत्र जगभर झाला. 1999 मध्ये जर्मनीत तोच दाब नव्या उपकरणानं मोजला, तर सैल बसल्यावर तो उभ्यापेक्षा थोडा कमीच निघाला. अर्थात तिथे माणूस एकच होता. पण मला त्यातून एवढं पुरे झालं की बसण्याचा एकच बरोबर आकार सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नये. यात मीही आले.

आणि आपल्याला सरळ वाटतं ते सरळ असेलच असंही नाही. टास्मानियात 1869 साली जन्मलेला अलेक्झांडर नावाचा नट होता. प्रयोगात आवाज बसायचा म्हणून त्यानं आरसे लावून स्वतःला पाहिलं. बोलायला लागताच डोकं मागे ओढून आपण गळा दाबतो, हे त्याला दिसलं. त्यानं डोकं पुढे न्यायचं ठरवलं, नेलं असं त्याला वाटलंही, पण आरशात ते अजून मागेच होतं. हा अनुभव माझ्या वर्गात रोज येतो. आता आरसा लागत नाही, शेजारणीचा मोबाइल पुरतो. "अगंबाई, ही मी?" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय.

लोणावळा-पुणे लोकलनं सकाळी कामाला जाणारी काही मुलं-मुली माझ्याकडे येतात. कॉल सेंटर, बँक, एखादं सॉफ्टवेअरचं ऑफिस. त्यांना व्यायामाला वेळ नसतो हे मी मान्य करून टाकलंय. मळवली ते कान्हे उभं राहा, एवढंच सांगते. जागा असली तरी. दांडा धरा पण त्याला लोंबकळू नका, वजन तळपायांत येऊ द्या, गाडी हलली की घोट्यांना हलू द्या. कान्हे आलं की बसा. वडगाव गेलं की एकदा उठून डब्याच्या टोकाला जाऊन या. लोक बघतात? बघू देत.

यातल्याच एका मुलीचा पहिला इंटरव्ह्यू होता. तिनं मोबाइलवर कुठलं तरी भाषण ऐकलं होतं. कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं वीरासारखं उभं राहिलं की आत्मविश्वास येतो म्हणे. मूळ प्रयोग 2010चा, बेचाळीस माणसांवरचा. त्यात शरीरातली संप्रेरकं बदलतात असा दावा होता. 2015 मध्ये दोनशे माणसांवर तो पुन्हा केला तेव्हा बरं वाटलं, पण संप्रेरकांत फरक दिसला नाही. 2016 मध्ये तर मूळ संशोधकांतल्याच एकीनं हा परिणाम खरा आहे असं आपल्याला वाटत नाही, असं जाहीर केलं. मी त्या मुलीला हे काही सांगितलं नाही, इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी कुणी सांगतं का? तिला फक्त खुर्चीत बसवलं. ती खुर्चीच्या कडेवर टेकून, टाचा उचलून, खांदे पुढे घेऊन बसली होती. तेराव्या-चौदाव्या वर्षी छाती झाकायला म्हणून पुढे घेतलेले खांदे आमच्याकडच्या मुलींचे तिशीपर्यंत मागे येत नाहीत. त्यांना 'मागे घे' म्हटलं की बिचाऱ्या लाजून आणखी आवळतात. मी खांद्यांचं नावच काढलं नाही. म्हटलं, टाचा टेकव. नीट मागे सरक, खुर्चीचे पैसे दिलेत त्यांनी. आता श्वास पूर्ण सोड, घ्यायची घाई करू नको, तो येतोच. तिसऱ्या श्वासाला आवाज एक पट्टी खाली आला.

नोकरी तिला लागली नाही. पुढच्या ठिकाणी लागली. यात माझ्या टाचांचा वाटा किती, ते मी सांगू शकत नाही. आणि एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. साहेब दिसला की ज्याची मान आपोआप खाली जाते, त्याची मान वाकवणारी गोष्ट मणक्यात नसते. ती पगाराच्या पावतीत असते, आडनावात असते, घरी काय ऐकत तो वाढला त्यात असते. तिथे माझी पुरचुंडी चालत नाही.

गेल्या वर्षी त्या पहिल्या कारखान्यानं मला परत बोलावलं. त्यांना भिंतीवर लावायला एक मोठं चित्र हवं होतं, 'बसण्याची योग्य पद्धत'. मी म्हटलं, चित्र नको. पिण्याच्या पाण्याचा नळ हॉलच्या दुसऱ्या टोकाला न्या आणि दर अर्ध्या तासानं उठायची परवानगी द्या, माझी फी देऊ नका. त्यांनी चहा पाजला आणि कळवतो म्हणाले. चित्र त्यांनी दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं. ते दारातच लावलंय. त्यातल्या माणसाचा कणा फुटपट्टीनं काढलेला आहे.