येताना भरून निघेल?

टाइम ट्रायल म्हणजे काय, हे मला नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांच्यामुळे कळलं. २०१७ मध्ये त्यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, मुदत १२ दिवस. त्यांना लागले ११ दिवस, २१ तास, ११ मिनिटं. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही ती पूर्ण केली. त्याआधी एकाही भारतीयाला ती एकट्याने जमली नव्हती. मला नवल वाटलं ते नियमाचं. स्वार एकेक करून सुटतात आणि दुसऱ्याच्या मागे लागून, त्याच्या आडोशाने चालवायला बंदी. म्हणजे शर्यत घड्याळाशी. घड्याळ तर आमच्या चांदूर रेल्वे गावातही आहे!

सायकल घरातलीच, बिनगिअरची. गावाबाहेर अमरावती रस्त्याने पाच किलोमीटर जायचं, वळायचं, परत यायचं. पुतणी मोबाइलवर वेळ धरून उभी. उन्हाळ्याची सकाळ, पश्चिमेचा वारा थेट तोंडावर. ती “सुटा!” म्हणाली आणि मी जीव खाऊन पायंडल मारू लागलो. किलोमीटरचा पहिला दगड यायच्या आत मांड्या भरून आल्या. ताकद पुरवून वापरायची असते, हे मला तिथे कळलं.

तरी एक आशा होती. आता अडवणारा वारा येताना ढकलेल, सगळं भरून निघेल. परतल्यावर पुतणीने वही उघडली. “काका, जातानी ताशी २० अन् येतानी ३०, तं सरासरी किती?” मी म्हटलं, २५. “पाहा मंग. जातानी १५ मिनिटं, येतानी १०. २५ मिनिटांत १० किलोमीटर, म्हंजे ताशी २४!” वाऱ्यासमोर आपण जास्त वेळ असतो, म्हणून तो जे नेतो ते पुरतं परत देत नाही.

मग हवेच्याच मागे लागलो. सपाट रस्त्यावर वेग वाढला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट केला तर हवेसाठी आठपट ताकद लागते, आणि हवा अडवतं ते मुख्यतः आपलंच अंग. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड आघाडीवरच्या लोराँ फिन्योंच्या ५० सेकंदांनी मागे होता. कोपरं जवळ घेऊन पुढे वाकता येईल असं हँडल त्याने लावलं होतं. फिन्योंच्या सायकलला ते नव्हतं. तीन आठवड्यांची स्पर्धा लेमाँडने ८ सेकंदांनी जिंकली. हे वाचून मी कितीतरी वेळ माझ्या सरळ हँडलकडे पाहत राहिलो.

एका तासात किती अंतर, याचाही विक्रम असतो. एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत ४९.४३१ किलोमीटर कापले. फिलिप्पो गान्नाने २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ५६.७९२. चांदूरहून अमरावती सुमारे ३० किलोमीटर. गान्ना तासाभरात अमरावतीला जाऊन जवळजवळ परत आला असता!

आता मी वाऱ्यासमोर थोडा जास्त जोर लावतो, पाठीवारा मिळाला की थोडा राखतो. वेळ हळूहळू उतरते आहे. कोपरं आत घेऊन वाकायचंही शिकतो आहे, पण तसं वाकलं की श्वास पुरत नाही. ते कोडं अजून सुटलेलं नाही.