भाषणाच्या आदल्या दिवशी

सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराबद्दल बोलायला मी नागपुरातल्या वस्त्यांमध्ये जाते. विहार, समाजभवन, बचत गटाची बैठक, कॉलेजचं शिबिर, जिथे बोलावतील तिथे. माहिती सगळीकडे तीच असते, भाषण मात्र दर वेळी नव्यानं बांधावं लागतं. ते बांधलं जातं आदल्या दिवशी, वस्तीत फिरताना.

पहिली गाठ घ्यायची ती आशाताईंची. कोण किती वाजता धुणीभांडी आटोपून परततं, नळ केव्हा येतो, कोणत्या गल्लीतले पुरुष मिस्त्रीच्या हाताखाली कामाला जातात, हे त्यांना तोंडपाठ असतं. नळाच्या वेळेला ठेवलेली सभा ओस पडते. मे महिन्यात टिनाच्या समाजभवनात भर दुपारी बोलावलं, तर ऐकायचं त्राण कुणातच उरत नाही. भाषाही तेव्हाच ठरते. मोमिनपुऱ्यात जी भाषा चालते, ती कळमन्याकडच्या छत्तीसगढी बोलणाऱ्या घरांत चालत नाही.

वय, शिक्षण, भाषा, वेळ हे सगळं टिपून झालं तरी श्रोता कळलेला नसतो. त्यासाठी मी स्वतःला एक प्रश्न विचारते: माझं म्हणणं या माणसाला पटलं, तर त्याला काय गमवावं लागेल, असं त्याला वाटतं?

सिकलसेलच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, लग्न. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग सांधे ठणकतात, हे ज्या घरात रुग्ण आहे त्या घराला मी काय सांगणार? त्यांनी मेडिकलच्या वॉर्डात रात्री काढलेल्या असतात. त्यांची भीती वेगळी असते. ती सभेत कुणी बोलून दाखवत नाही. सगळे उठल्यावर, चपला शोधताना, एखादी आई जवळ येऊन हळूच विचारते, “ताई, एएस पॅटर्न निघाला तं पोरीचं लगन मोडन काय जी?”

हा प्रश्न मी आता सुरुवातीलाच घेते. एएस म्हणजे वाहक. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. त्याचा जोडीदार एएस किंवा एसएस नसेल, तर मुलांना एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार, होत नाही. म्हणून तपासणी दोघांचीही हवी, एकट्या पोरीची नको. एवढं ऐकलं की मागे बसलेल्या बायाही पुढे सरकतात.

लोकांच्या मनातला प्रश्न आधी हाती घेण्याचा मोठा धडा याच शहरात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरुवातीलाच, दीक्षेसाठी नागपूरच का, या प्रश्नाला हात घातला. तेव्हा त्यावर नाना तर्क चालले होते. त्यांनी नाग लोकांचा इतिहास सांगून उत्तर दिलं आणि मग पुढचा विषय मांडला. विदर्भातले दुसरे मोठे वक्ते गाडगेबाबा. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारायचे, ही त्यांची रीत. गाव झाडणाऱ्याला त्या गावाचं काय दिसत नसेल!

श्रोता कळला की साधनंही बदलतात. बायांच्या बैठकीत मी लाल आणि पांढऱ्या बांगड्या नेते. आई-बाप दोघंही एएस, म्हणून दोघांच्या हातात एक लाल, एक पांढरी. बाळाला प्रत्येकाकडून एक बांगडी मिळते. दोन्ही लाल आल्या तर एसएस, एक लाल आली तर एएस, दोन्ही पांढऱ्या आल्या तर बाळ पूर्ण निरोगी. प्रमाण २५, ५० आणि २५ टक्के. इथे सावध राहावं लागतं. ज्या आईच्या पहिल्या मुलाला आजार आहे, ती मनात हिशेब करते की चारातलं एक झालं, आता पुढची तिन्ही सुटली. म्हणून बांगड्या परत आई-बापाच्या हातात द्यायच्या आणि खेळ पहिल्यापासून मांडायचा. प्रत्येक गरोदरपणात तोच धोका तेवढाच असतो, हे तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर घडतं.

जातीचा उल्लेखही असाच जपून करावा लागतो. हा आजार आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत जास्त आढळतो, इतर समाजांतही सापडतो. हेच वाक्य सुखवस्तू धरमपेठेत नुसती माहिती म्हणून ऐकलं जातं, दलितबहुल इंदोऱ्यात ते जखमेवर बोट ठेवल्यासारखं लागू शकतं. म्हणून त्यामागचं कारण आधी सांगते. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखांत हा गुण पिढ्यानपिढ्या टिकून राहिला. यात कुणाचं पाप नाही, कुणाच्या कुळाला डाग नाही.

१ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंत आजार संपवायचं उद्दिष्ट आहे, आणि त्यासाठी ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं तेव्हा ठरलं. चाचणी बोटाच्या थेंबभर रक्तावर सुरू होते, पण ते बोट पुढे यायला विश्वास लागतो.

तुम्ही पाणी, कचरा, उष्माघात, शिष्यवृत्ती, कशावरही बोलायला जाणार असाल, तर आदल्या दिवशी त्या वस्तीत एक चक्कर माराच. एखाद्या ओट्यावर बसा आणि विचारा, या विषयावर लोक आपसात काय बोलतात? जे ऐकाल, त्यापासून भाषण सुरू करा.