सिंह गेला, पण गड आला!

मेलबर्न म्हटले की आपल्याला आठवतो तो बॉक्सिंग डेचा कसोटी सामना. पण क्रिकेटचा मोसम संपून थंडीची चाहूल लागली, की या शहराला वेगळेच वेड लागते. ते जवळून पाहायचे, तर शहराच्या मध्यभागातून ११ नंबरची ट्राम पकडावी आणि ब्रन्सविक स्ट्रीटने उत्तरेकडे निघावे. कॅफे आणि दुकानांची गजबज मागे पडली की एडिनबरा गार्डन्सची झाडे दिसू लागतात. तिथेच एक लंबगोल मैदान आहे आणि त्याच्या कडेला १८८८ सालचा जुना स्टँड. हे फिट्झरॉय फुटबॉल क्लबचे माहेर!

इथला फुटबॉल मात्र निराळा. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल आणि एकेका संघात १८ खेळाडू. चेंडू पायाने मारायचा किंवा मुठीने ठोसून साथीदाराकडे द्यायचा, फेकायचा नाही. मधल्या दोन खांबांतून लाथाडला तर ६ गुण, बाजूने गेला तर १. या खेळाचे पहिले नियम १८५९ साली मेलबर्नमध्येच लिहिले गेले.

फिट्झरॉय क्लबचा जन्म १८८३ चा. १८९७ साली सुरू झालेल्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगच्या आठ संस्थापकांपैकी तो एक. १९४४ पर्यंत त्याने ८ विजेतेपदे मिळवली. त्यातले १९१६ चे तर अजबच! महायुद्धामुळे चारच संघ उतरले होते. फिट्झरॉय साखळीत तळाला राहिला आणि शेवटच्या फेऱ्यांत मुसंडी मारून चक्क विजेता ठरला.

पण या क्लबची खरी कमाई चषकांपलीकडची आहे. डग निकोल्स हा पाच फूट दोन इंच उंचीचा आदिवासी तरुण. वर्णामुळे दुसऱ्या एका क्लबात त्याला कुणी सामावून घेतले नव्हते. १९३२ साली तो फिट्झरॉयकडून खेळू लागला. तेव्हाचा सर्वांत लाडका खेळाडू हेडन बंटन आपणहून त्याच्याशेजारी येऊन बसला, असे सांगतात. हेच निकोल्स पुढे ‘सर’ झाले आणि १९७६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपालही!

१९६६ नंतर क्लबला हे मैदान सोडावे लागले. मग सुरू झाले बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणे. आज या मैदानावर, उद्या त्या. खेळात पैसा वाढत गेला, लीग देशभर पसरली आणि या छोट्या उपनगराचा क्लब कर्जात रुतला. अखेर १९९६ च्या जूनमध्ये त्यावर प्रशासक नेमला गेला. १ सप्टेंबर १९९६ रोजी दूर पर्थला शेवटचा सामना झाला आणि क्लबचा संघ ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. फिट्झरॉयचे बोधचिन्ह असलेला सिंहही ब्रिस्बेनला गेला. तिथे त्याने २००१, २००२ आणि २००३ अशी सलग तीन विजेतेपदे जिंकली. काही जुन्या चाहत्यांनी तो आनंद आपला मानला. काहींना ते जमलेच नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण क्लबची संस्था मोडली नव्हती आणि सभासदांनी नाव टाकले नव्हते. २००९ साली एका हौशी क्लबाशी हातमिळवणी करून फिट्झरॉय पुन्हा मैदानात उतरला. तोही ब्रन्सविक स्ट्रीटच्या याच मैदानावर, ४३ वर्षांनी! आता तो व्हिक्टोरियाच्या हौशी फुटबॉल संघटनेत खेळतो. इथे खेळाडूला मानधन नाही. दिवसभर नोकरी किंवा कॉलेज करायचे, संध्याकाळी सराव करायचा आणि शनिवारी मैदान गाठायचे.

थंडीतल्या एखाद्या शनिवारी दुपारी इथे यावे. सीमारेषेपाशी आजी-आजोबा जुने मफलर गुंडाळून उभे असतात, नातवंडे मध्यंतराची वाट पाहत असतात. मैदानात धावणारी मुले दूरदर्शनवर कधी दिसणार नाहीत. पण त्यांच्या अंगावर क्लबचे रंग असतात. सिंह गेला खरा, पण गड मात्र घरच्यांच्या हाती परत आला!